आवाज येऊन राह्यला का?

आर्वीच्या स्टँडवर आष्टीची बस लागली तेव्हा परतीच्या पावसाने जाता जाता मला भिजवूनच सोडलं. ओढणी पिळत मी आत चढले. सगळ्या सीटा भरलेल्या. एकच जागा उरली होती आणि तिच्यावर एक काळी बॅग बसली होती. खिडकीकडच्या मुलाने तिच्यावर असा हात ठेवला होता, जसं काही ते त्याचं लहान लेकरू आहे.

"बॅगले तिकीट काढलं का?" मी विचारलं.

माझं असंच आहे. या पोट्टीचा राग नाकावरच बसलेला राह्यते, असं आई म्हणते, आणि खरंच म्हणते.

त्याने मान वर केली, शांतपणे खिशात हात घातला आणि तिकीट पुढे केलं. "हाव. अर्धं. कंडक्टरनं लगेजचं दिलं."

मागच्या सीटवरच्या बाया फिसकन हसल्या. आम्हा बायकांना एसटीत तिकीट अर्धंच! "म्हणजे तुमची बॅग अन मी एकाच भावात," मी म्हटलं.

"नाई, नाई... तुम्ही बसा." त्याने घाईघाईने बॅग मांडीवर घेतली. त्याचे कान लाल झाले होते. मला थोडं बरं वाटलं.

बस तळेगावच्या रस्त्याला लागली. काचेवरून पाण्याचे ओघळ तिरपे वाहत होते. बाहेर संत्र्यांच्या बागा, कापसाची हिरवी शेतं, मधेच एखादं पांढरं बोंड. त्याचा हात अजून बॅगेवरच. मग मलाच राहवेना.

"काय आहे एवढं तिच्यात?"

"काही नाई. रिकामी डिस्क आहे."

"रिकामीसाठी सीट अडवली?"

"आज रिकामी आहे," तो म्हणाला. "परत नेताना तिच्यात लोकायचे आवाज असतील. म्हातारे लोक... त्यातले लय जण आता नाईत. मले वाटलं, आतापासूनच सांभाळायची सवय करावी."

माझा हात पर्सवर गेला. आष्टीत लोकांचे आवाज जपणारी जागा एकच होती आणि तिची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

"कोणाले विचारून नेणार आवाज?" मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही... अपेक्षा रूपराव?"

"हाव."

"मी सुमीत. नालवाडीहून आलो. तुमच्या अध्यक्षायनं बोलावलं, किल्लीसाठी तुमचं नाव सांगितलं. पेटीचं अपडेट करायचं आहे."

"ते होणार नाई," मी म्हटलं आणि आष्टी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

---

आमच्या संस्थेची एकच खोली आहे. अण्णाजी संस्थेचे अध्यक्ष. खोलीत एक कपाट, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात ती काळी पेटी, सगळी रेकॉर्डिंगं साठवून इंटरनेटवरून ऐकवणारी. बाबांनी, म्हणजे रूपरावांनी, शेती सांभाळून वीस वर्षं गावोगाव फिरून माणसांना बोलतं केलं. बेचाळीसच्या चळवळीच्या आठवणी, पेरणीची गाणी, लग्नं कशी जमली त्याचे किस्से. ते सगळं त्या पेटीत आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बाबांचा आवाज येतो, "हॅलो... हॅलो... आवाज येऊन राह्यला का?" आणि समोरचा बोलता बोलता थांबला की हळूच, "हं... मंग?"

बाबा आता बोलत नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन घसा गेला. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, जीव वाचला. गळ्याशी दुपट्टा गुंडाळून ते खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतात. एक चुटकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एवढंच त्यांचं बोलणं. ऑपरेशननंतर त्यांनी आपला माइक आणि रेकॉर्डर कपाटात टाकला, तो पुन्हा काढला नाही.

माझ्या फोनमध्ये त्यांचे शंभर निरोप होते. "अपेक्षा, येताना कोथिंबीर आणजो." असलेच. दुकानात फोन अपडेट करायला दिला आणि परत आला तो कोरा करकरीत. दुकानदार म्हणाला, कधी कधी होते असं. तेव्हापासून अपडेट हा शब्द कोणी काढला की मी आधी नाहीच म्हणते. बाबांचा आवाज आता या एका पेटीतच उरला होता. त्या पेटीला कोणी हात लावलेला मला चालणार नव्हता.

"चालू आहे ना? मग कायले हात लावता?" मी खोलीत शिरताच सुमीतला म्हटलं.

तो चिडला नाही. खुर्ची ओढून बसला. "कोणता आवाज कुठं ठेवायचा, कोणाले ऐकू द्यायचा, हे या पेटीत एक सॉफ्टवेअर सांभाळते. त्याच्यात भोकं सापडली. बनवणाऱ्यांनी स्वतःच जाहीर केलं. पासवर्ड नसला तरी बाहेरचा माणूस आत येऊ शकते. आला की सगळ्या फायलींना आपलं कुलूप लावते आणि किल्लीचे पैसे मागते. पैसे देऊनही किल्ली मिळतेच असं नाई."

"आमच्या म्हाताऱ्यायच्या गाण्यायले कोण येते चोरायले?"

"त्याले गाण्यांशी काय करायचं! त्याले उघडं दार दिसलं म्हणजे झालं." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे पाहा. रोज कोणी ना कोणी दार ढकलून जाऊन राह्यलं. आजपर्यंत उघडलं नाई, हे तुमचं नशीब."

ओळींवर ओळी होत्या. कुठल्या कुठल्या परक्या पत्त्यांवरून. सकाळच्या, दुपारच्या, अगदी आत्ताच्याही. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले. मग उठले आणि पेटीची इंटरनेटची वायर खसकन ओढून काढली.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "हे... हे एकदम बरोबर केलं तुम्ही."

"तारीफ नोको. आता पुढचं सांगा."

"पहिले नक्कल. सगळ्या आवाजांची, या डिस्कवर. प्रत्येक नक्कल लावून ऐकायची, नीट वाजते का पाहायची. तुमचं समाधान झालं, तुम्ही हो म्हणलं, तरच अपडेट. दुरुस्त केलेलं व्हर्जन मी सोबत आणलं आहे. तुम्ही नाई म्हणलं तर मी बॅग घेऊन परत जाईन."

"अर्ध्या तिकिटावर," मी म्हटलं.

तो हसला. त्याच्या हसण्यात जरा दुखरं काही होतं. मला ते उगीचच लक्षात राहिलं.

---

पेटी जुनी, तिचा वेग बैलगाडीचा. नक्कल हळूहळू होत होती. सुमीत रोज सकाळच्या बसने यायचा, संध्याकाळच्या बसने जायचा. हेडफोन एकच होता. एक कान त्याचा, एक माझा. वायर आखूड, म्हणून दोघांनाही टेबलावर वाकून बसावं लागे. त्याच्या शर्टाला साबणाचा वास यायचा, आणि पावसात भिजून आला असला तर मातीचा.

बाबांचा एक ठरलेला प्रश्न होता. नवरा-बायको समोर असले की ते विचारायचेच, "पहिल्यांदा एकमेकाशी काय बोलले?"

एक आजोबा सांगत होते, "मी म्हणलं, पाणी आहे का? तर ही म्हणे, विहीर तिकडं आहे."

एक आजी म्हणाल्या, "लगन झालं तरी लय दिवस बोललोच नाई, बापा. मंग एक दिवस बैल सुटला. मी वरडली, अजी, बैल! तेच आमचं पहिलं बोलणं."

आणि त्यावर बाबा हसले. मोकळं, पोटातून, खोलीभर. ते हसू मी विसरले होते. आता ते हसतात तेव्हा फक्त खांदे हलतात.

माझ्या डोळ्यांतून पाणी टेबलावर पडलं. सुमीतने बटणावर बोट ठेवलं. हळू म्हणाला, "थांबवू?"

"नाई. राहू द्या."

हसू संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. मग त्याने ती जागा मागे नेऊन पुन्हा लावली. मी न सांगता. त्या क्षणी मला कळलं की माझं काही खरं नाही.

त्या दुपारी बाहेर बाजाराचा दिवस होता, कोणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं. मी विचारलं, "तुम्ही एवढे जपून काऊन वागता हो? डिस्कले सीट, आवाजाले तीन तीनदा ऐकणं..."

त्याने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. "एक फोटो स्टुडिओ होता. सगळ्यांच्या लग्नाचे व्हिडिओ अशाच पेटीत. मी म्हणलं अपडेट करू. मालक म्हणे, लग्नसराई होऊ दे. मीही... होऊ दे म्हणलं. त्या सराईतच कुलूप लागलं. नक्कल नव्हती." त्याने वायर सोडली. "एक बाई आल्या. त्यांच्या लग्नात त्यांचे वडील होते, मग वारले. त्या मले काहीच नाई बोलल्या. नुसत्या बसून राह्यल्या. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं."

"हं... मंग?" मी म्हटलं. बाबांच्याच सुरात, नकळत.

"मंग काही नाई. मंग आष्टीची बस, अन बॅगेचं तिकीट."

आम्ही दोघंही हसलो, पण माझा हात टेबलावर त्याच्या हाताशेजारी होता आणि तो मी काढून घेतला नाही. त्यानेही नाही. दारातून एक चुटकी ऐकू आली. बाबा डबा घेऊन उभे होते. कधीपासून, देव जाणे!

---

नक्कल पूर्ण झाली. सगळी वाजली. मी हो म्हटलं. पण अपडेटसाठी पेटी मधे बंद करावी लागणार होती आणि अण्णाजी आडवे आले. पूर्वीची एक पेटी अशीच मधेच बंद केली आणि पुन्हा उठलीच नाही, तेव्हापासून त्यांचा नेम होता. पेटी वर्षातून एकदाच बंद होईल, खंडेनवमीला. त्या दिवशी तिची पूजा, दसऱ्याला पुन्हा चालू.

"मग खंडेनवमीलेच करू," सुमीत म्हणाला. "दोनच दिवसांवर आहे. तोवर वायर काढलेलीच राहू द्या."

खंडेनवमीला सकाळीच अण्णाजी धोतर नेसून, झेंडूचे हार घेऊन हजर. सुमीतने लॅपटॉप उघडला मात्र, आणि ते कडाडले, "आज हत्याराले हात लावायचा नसते! आज त्यायचा आरामाचा दिवस आहे. पूजा करा अन घरी जा."

"अण्णाजी, पण बंद करायचा दिवस हाच, अन..."

"अन हात नाई लावायचा दिवसही हाच! पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी! वर्षभर वायर काढून पेटी ठेवायची, म्हणजे दूरगावी बसलेल्या लेकी-नातवंडांनी आपल्या माणसांचे आवाज ऐकायचे नाहीत. आणि कोणीतरी, कधीतरी, न राहवून वायर लावणारच. सुमीतचा चेहरा उतरला. तो लॅपटॉप मिटायला लागला. मला तो स्टुडिओ आठवला, होऊ दे म्हणणारा त्याचा आवाज आठवला, आणि माझा नाकावरचा राग उठला.

"अण्णाजी, तुमच्या घरी आज विळे पूजेत मांडले?"

"मांडले."

"तसेच? मातीचे, गंजके?"

"काय बोलतं पोरी! धुतले, पाजळले, तेल लावलं. मंग मांडले."

"मंग आमच्या पेटीनं काय पाप केलं? तिची धार गेली आहे, अण्णाजी. तिले भोकं पडली आहेत. धुतल्या-पाजळल्याबिगर तिले पूजेत बसवता? सुमीत तिले पाजळूनच राह्यला. मग करा ना पूजा!"

अण्णाजींच्या हातातला हार खाली आला. अण्णाजींनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी गळ्याचा दुपट्टा सारखा केला आणि हात वर करून एक चुटकी वाजवली.

"बरं," अण्णाजी म्हणाले. "पण पूजेच्या आधी झालं पाहिजे."

सुमीतचे हात चालायला लागले. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. अण्णाजी आरतीचं ताट धरून उभे, बाबा दारातून उठून माझ्या शेजारी. पट्टी पूर्ण झाली. पेटी आपोआप बंद झाली, पुन्हा चालू व्हायला निघाली... आणि तिचा दिवा केशरी होऊन तसाच राहिला.

केशरी. केशरी. हिरवा होईना.

"किती वेळ लागते?" मी विचारलं.

"थोडा लागते." त्याच्या कपाळावर घाम होता. "नक्कल आहे आपल्याजवळ. काहीही झालं तरी आवाज आहे, अपेक्षा. ऐकू येऊन राह्यलं ना तुले? आवाज आहे."

तो मला पहिल्यांदा तू म्हणाला होता. मी त्याचं मनगट धरलं, बाबांसमोर, अण्णाजींसमोर. मला कोणाचीच लाज वाटली नाही. मला फक्त भीती वाटत होती, आणि ती एकटीने सोसायची नव्हती.

दिवा लुकलुकला. हिरवा झाला.

"कोणतंही लावून पाहा," सुमीत म्हणाला. मी यादी उघडली. हाताला आलं ते पहिलंच रेकॉर्डिंग लावलं. खरखर झाली आणि मग खोलीभर बाबांचा आवाज आला, तरणा, खणखणीत,

"हॅलो... हॅलो... आवाज येऊन राह्यला का?"

आणि माझ्या शेजारी बाबांनी चुटकी वाजवली. एकच.

अण्णाजींनी ताट खाली ठेवून धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मग पेटी रीतसर बंद केली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मी कपाट उघडून बाबांचा माइक आणि रेकॉर्डर काढला, धूळ पुसली आणि तोही पेटीशेजारी मांडला. बाबांनी पाहिलं. चुटकी मात्र वाजवली नाही, एकही नाही, दोनही नाही.

---

दसऱ्याला सुमीत शेवटचा आला. पेटी चालू केली, वायर लावली, सगळं तपासलं. दार ढकलणारे आजही येत होते, पण आता दार बंद होतं. त्याने नकलेची डिस्क बॅगेत ठेवली. ती आष्टीबाहेर ठेवायची असं ठरलं होतं, म्हणजे इथे काहीही झालं तरी एक प्रत सुरक्षित. नालवाडीला, त्याच्या घरी.

त्याने खिशातून आपट्याची पानं काढून बाबांच्या हातात दिली, पाया पडला. मग माझ्यासमोर उभा राहिला आणि पानं धरलेला हात पुढेच करेना.

"काय झालं?"

"तुमच्या बाबांचा आवाज घरी नेऊन राह्यलो," तो म्हणाला. "रोज रात्री... म्हणजे, रोज सांभाळीन. पण मले वाटते, तो एकटा नेऊ नये. ज्यांचा आवाज आहे, त्यांची लेक..." तो अडखळला. "मले सांगता नाई येत नीट. तुम्ही नसल्या तं ते घर मले आता घरच नाई वाटत. कालपासून. खरं म्हणजे बसपासूनच."

"काल मले तू म्हणला होता," मी म्हटलं. "आज पुन्हा तुम्ही काऊन?"

"तू म्हणू?"

"म्हणजो." मी हात पुढे केला. "मलेही तूच पाहिजे, सुमीत. सरळ सांगते, मले लाजता-बिजता येत नाई."

त्याने पानं माझ्या हातात दिली आणि हात तसाच राहू दिला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आम्ही दचकून वळलो.

बाबा पेटीपाशी उभे होते. झेंडूच्या पाकळ्या झटकून त्यांनी आपला रेकॉर्डर उचलला. पाठ उघडून नवे सेल घातले. ऑपरेशनपासून पहिल्यांदा. लाल दिवा लागला. त्यांनी माइक आमच्या दोघांच्या मधे टेबलावर ठेवला, आम्हाला हाताने बसा म्हणून खूण केली. मग कॉम्प्युटरपाशी जाऊन आपलंच एक जुनं रेकॉर्डिंग शोधलं, बटण दाबलं.

"हं, सांगा," बाबांचा आवाज म्हणाला. "पहिल्यांदा एकमेकाशी काय बोलले?"

बाबांनी लगेच ते थांबवलं आणि आमच्याकडे पाहत राहिले. डोळे भरलेले, पण वाट पाहणारे, जसे ते वीस वर्षं प्रत्येक अंगणात वाट पाहत बसले असतील.

सुमीतने माझ्याकडे पाहिलं. मी माइककडे वाकले.

"मी म्हणलं, बॅगले तिकीट काढलं का?"

बाबांचे खांदे हलायला लागले. हसत हसत त्यांनी रेकॉर्डिंग थोडं पुढे सरकवलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"हं... मंग?"

"मंग," सुमीत म्हणाला, "मी बॅग मांडीवर घेतली, अन ती बाजूले बसली."